पाव टक्का

"मॅडम, 25 बेसिस पॉइंट्स म्हणजे पाव टक्काच ना?"

आज बिझनेस इंग्लिशच्या तासाला शेवटच्या बाकावरून प्रश्न आला. टीवाय, इकॉनॉमिक्स. हा मुलगा तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलला, तोही मराठीत. दोघंतिघं हसलेच.

रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराची (इतर बँकांना ती ज्या व्याजाने पैसे देते, त्या दराची) बातमी इंग्रजीत सांगायची होती. एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग, हे मी फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी निमूट उतरवून घेतलं. हिशेब लावला तो यानेच.

तासानंतर जिन्यात म्हणाला, "आई दादरला भाजी विकते. शेकडा दोननं पैसे उचलते, महिन्याला. म्हणजे वर्षाचे 2400 बेसिस पॉइंट्स झाले की!"

आणि हसला. मला हसता येईना.

गेल्या महिन्यात मी त्याला प्रेझेंटेशनला 10 पैकी 4 दिले होते. गुणांच्या तक्त्यात फ्लुअन्सीचा रकाना आहे, आय कॉन्टॅक्टचाही आहे. 'समजलंय का' असा नाही. (तक्ता मीच केलाय.)

पुढच्या वेळी आधी मराठीत समजावू दे, मग तेच इंग्रजीत, असं करून बघावं म्हणते. शिकवणाऱ्यांपैकी कुणी केलंय का असं?