बारावा लोकस

फळमाशीच्या अनुवंशिकीवर काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, मी बागांतून हिंडते. प्रत्यक्षात दिवस माशांचे पाय तोडण्यात जातो. एक पाय डीएनएसाठी, उरलेली माशी अल्कोहोलमध्ये.

त्या दिवशी बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस या जातीच्या ९६ फळमाशांचे निकाल आले. मायक्रोसॅटेलाइटचे, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा पुन्हापुन्हा येतो अशा जागांचे, १२ लोकस. लोकसचं प्रत्येक रूप म्हणजे अलील; आलेखात ते शिखर म्हणून दिसतं. आईबापांकडून एकेक येतं; दोन्ही सारखी असली की एक शिखर, वेगळी असली की दोन. अकरा ठिकाणी सगळं ठीक: काही माशांत एक शिखर, काहींत दोन. बाराव्यावर ७ वेगवेगळे अलील, पण दोन शिखरं असलेली माशी एकही नाही.

सरांनी स्क्रीनकडे ओझरतं पाहिलं. "नल अलील. काढून टाका." ताप आला की 'व्हायरल' म्हणतात, तसं आमच्याकडे हे उत्तर आहे. प्रायमर, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू करणारा छोटा तुकडा, चिकटतो तिथेच बदल झाला की तो अलील दिसत नाही आणि दोन अलीलांची माशी एकाच अलीलाची भासते. खरं आहे. पण न दिसणारे दोन अलील एकाच माशीत आले, तर तो नमुना कोरा जायला हवा. इथे ९६ पैकी एकही कोरा नव्हता. बॅक्ट्रोसेरा झोनाटा ही दुसरी जातही त्याच सापळ्यात येते, तिची सरमिसळ झाली म्हणावं, तर दोन शिखरांच्या माशांची तूट बाकीच्या लोकसवरही दिसली असती.

संध्याकाळी सापळ्यांची वही चाळताना लक्षात आलं. सगळे नमुने मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषाच्या सापळ्यांतले. त्या वासाला नरच येतात. नराला एक्स गुणसूत्र एकच. लोकस एक्सवर असेल तर दुसरं शिखर येणार कुठून? सॉफ्टवेअर बापडं त्या एका प्रतीला दोन धरून बसलं होतं.

किडक्या फळांतल्या अळ्यांपासून वाढवलेल्या माशा फ्रीजरमध्ये होत्या. आठ माद्या आणि आठ नर घेतले. पाच माद्यांत दोन शिखरं, नरांत एकातही नाही.

आमच्या तक्त्यात ठिकाण, तारीख, झाड, सापळा, सगळ्यांचे रकाने आहेत. नर की मादी, हा रकानाच नाही. "सगळे नरच असतात, लिहायचं काय?"

सरांना हसायला मला तोंड नाही. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संचातला असाच एक लोकस मी स्वतः नल अलील म्हणून काढून टाकला होता. तेही सापळ्यातलेच नमुने. ती फाइल आज उघडली. कोरा नमुना एकही नाही.