तुम्ही विचारलंत म्हणून : मूल प्रज्ञावंत आहे हे ओळखायचे कसे?

रावेर-सावद्याकडचे पालक मला हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि विचारताना बहुतेकांच्या हातात शिष्यवृत्ती परीक्षेची गुणपत्रिका असते.

गुणपत्रिकेवरून मूल अभ्यासू आहे एवढे कळते. बुद्ध्यांकाची १३० ही रेषा अनेक ठिकाणी धरतात आणि तिच्यावर शंभरात साधारण दोन मुले येतात. पण रेषा म्हटली की कोणीतरी बाहेर राहणारच. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१मध्ये कॅलिफोर्नियात चाचणी घेऊन असामान्य मुले निवडायला सुरुवात केली, तेव्हा शॉकली आणि अल्वारेझ ही दोन मुले त्या निवडीत बसली नाहीत. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. त्यापेक्षा अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८मध्ये मांडलेली व्याख्या मला अधिक पटते. सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाचा पिच्छा न सोडण्याची वृत्ती ही तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे प्रज्ञा दिसते, असे ते म्हणतात.

ती पटायला एक मुलगी कारण झाली. ती चौथीत होती आणि तिचे वडील केळीच्या कटाईवर मजुरीला जात. मी फळ्यावर गुणाकार घालत असताना ती वहीच्या मागच्या पानावर वेगळेच काही मांडत होती. घडाच्या वरच्या फणीत २० केळी, सर्वांत खालच्या फणीत १२, दोन्ही मिळवून अर्धे केले की १६, फण्या ९, म्हणजे घडात १४४ केळी. प्रत्यक्षात मोजली तेव्हा १४१ भरली होती, आणि उरलेली ३ कुठे गेली याचा शोध ती आठवडाभर घेत होती. मधल्या फण्या सारख्या प्रमाणात कमी होत नाहीत, हे तिचे तिलाच सापडले. मी मात्र त्या दिवशी तिला वही मिटायला लावली होती, याची आजही लाज वाटते.

अशा मुलांसाठी पुण्यात १९६२पासून ज्ञान प्रबोधिनी काम करते आहे, पण रावेरहून पुणे लांब. नवोदयची निवड परीक्षा सहावीच्या प्रवेशासाठी असते, म्हणजे चौथीतल्या मुलाला तोवर गावातल्याच शाळेत दिवस काढायचे असतात. अशा मुलांना वर्गातच पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावे, असे २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते, आणि त्याला फारसा खर्च येत नाही : येणारी उदाहरणे पुन्हा पुन्हा घोटून न घेता वरच्या इयत्तेचे पुस्तक आणि रोजचा मोकळा अर्धा तास द्यावा. वर्ग चढवून देण्याची घाई मात्र करू नये, कारण गणितात सहावीचे असलेले मूल खेळताना आणि रडताना नऊ वर्षांचेच असते.

तेव्हा भेटायला येताना गुणपत्रिका जरूर आणा, पण वह्यांची मागची पानेही घेऊन या.