ताकायामा : दोन मुक्काम तरी हवेतच

नागपुरातून जपानला जाणाऱ्या बऱ्याच लोकांच्या कार्यक्रमात ताकायामा असतं, पण दोन-तीन तासांपुरतं. शिराकावा-गो या खेड्याला जाता जाता एक जुनी गल्ली बघायची, फोटो काढायचे की लगेच बस. मला हे अजिबात पटत नाही. हे गाव लाकडाचं आहे, आणि लाकूडकाम बघायचं तर मान वर करून, खाली वाकून, सावकाश बघावं लागतं. म्हणून दोन मुक्काम ठेवा आणि कोणत्या वेळी कुठे असायचं हे आधी ठरवून घ्या. इथे वेळ चुकली की अर्धं गाव बंद आणि अर्धं गर्दीत बुडालेलं, अशी गत होते.

ताकायामा जपानच्या मधोमध, गिफु प्रांतातल्या हिदा भागात, साधारण ५७० मीटर उंचीवर आहे. चारी बाजूंनी डोंगर. क्षेत्रफळाने हे जपानमधलं सगळ्यात मोठं शहर, २,१७७ चौरस किलोमीटरचं, पण त्यातलं ९२ टक्के जंगल. भातशेतीला जमीन तुटपुंजी, त्यामुळे सारा भरणार कशातून? ७१८ सालच्या कायद्याने तोड काढली: हिदाच्या लोकांना धान्य-कापडाचा कर माफ, त्याऐवजी दर पन्नास घरांमागे दहा माणसं वर्षभर राजधानीत सुतारकामाला. नारा आणि क्योतोची देवळं, राजवाडे बांधण्यात या सुतारांचे हात लागले आणि शिकलेलं सगळं परत डोंगरात आलं. गाव फिरताना ही एक गोष्ट डोक्यात असली की बाकीचं आपोआप उलगडतं.

जायचं कसं ते आधी. नागपूरहून जपानला थेट विमान नाही, दिल्ली किंवा मुंबई गाठावीच लागते. पुढे नागोया. तिथून 'हिदा' नावाची एक्सप्रेस सुमारे अडीच तासांत ताकायामाला पोचवते, एका बाजूचं भाडं साधारण सहा हजार येन. नागोयाहून गाडी सुटते तेव्हा सीटा उलट्या दिशेला असतात. गोंधळून फिरवू नका, गिफु स्टेशनवर गाडीची दिशा बदलते आणि तुम्ही आपोआप सरळ होता. खरा देखावा त्यानंतर, गाडी हिदा नदीच्या घळीत शिरली की सुरू होतो, त्यामुळे झोप हवी असेल तर पहिल्या तासातच उरकून घ्या. फक्त ताकायामासाठी सात दिवसांचा ५० हजार येनचा देशभराचा रेल्वे पास घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आपल्याला सोयीचे हंगाम दोन. दिवाळीची सुट्टी पानं लाल-पिवळी होण्याच्या दिवसांशी छान जुळते, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. दिवसा पंधरा-अठरा अंश, पण रात्री तीन-चारपर्यंत उतरतं, तेव्हा नागपूरच्या डिसेंबरचा स्वेटर पुरणार नाही, वर वाराबंद जॅकेट हवंच. दुसरा हंगाम मे. त्यातही एप्रिल अखेर ते ५ मे हा जपानचा सलग सुट्ट्यांचा आठवडा टाळा, अख्खा जपान तेव्हा प्रवासात असतो. इकडे पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना तिथे मेच्या मध्यात निवांत चालता येतं. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ असतो आणि किमान तापमान उणे पाचच्या आसपास. तेव्हा नुसते स्पोर्ट्स शूज घालून गेलात तर घसरणार. १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबरला रथांचा उत्सव असतो. खोल्या कित्येक महिने आधी संपतात. आणि पाऊस पडला तर रथ बाहेर काढतच नाहीत, कारण लाख, सोनं आणि जुनं कापड भिजू द्यायचं नसतं. एकाच दिवसाच्या भरवशावर तिकीट काढणाऱ्यांची निराशा होते ती इथेच.

पहिली सकाळ सातला. मियागावा नदीच्या काठावर सकाळचा बाजार भरतो, हिवाळ्यात तासभर उशिरा. शेतकरी बायका लाल सलगमाचं लोणचं, सुकवलेले मशरूम, ऋतूप्रमाणे सफरचंदं आणि पीच घेऊन बसतात. अकराच्या सुमारास आवराआवर सुरू होते, म्हणून नाश्त्यानंतर बघू असं म्हणू नका. सुट्टी नाणी खिशात हवीत. छोट्या टपऱ्यांवर कार्ड चालेलच असं नाही, आणि आपल्या बँकेचं कार्ड सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये बहुधा चालतं. कचऱ्याचा डबा रस्त्यावर शोधूनही सापडत नाही, एक रिकामी पिशवी जवळ ठेवा. विकत घेतलेला पदार्थ टपरीसमोर उभं राहूनच संपवायचा, खात खात चालणं तिथे बरं दिसत नाही.

बाजारातून नदीच्या कडेने दक्षिणेला चालत दहा मिनिटांत 'ताकायामा जिन्या' ही जुनी सरकारी कचेरी येते. पावणेनऊला उघडते. उघडताना आत शिरा, कारण दहानंतर बसगाड्या येतात. १६९२ मध्ये तोकुगावा शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, हिदा थेट आपल्या ताब्यात घेतला, मुख्यतः इथल्या लाकडासाठी आणि खाणींसाठी. तेव्हापासून १७७ वर्षं पंचवीस अधिकाऱ्यांनी इथून कारभार केला. शोगुनांची अशी कचेरी अख्ख्या जपानमध्ये एवढी एकच उरली आहे. त्यानंतरही १९६९ पर्यंत ती सरकारी कार्यालय म्हणून वापरात होती.

दाराशी जोडे काढून ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यायचे. दिवसातून सात-आठ वेळा जोडे काढावे लागतात, तेव्हा नाड्यांचे बूट नकोत आणि भोकं पडलेले मोजेही नकोत. थंडीत फरशी बर्फासारखी असते, लोकरीचे जाड मोजे घाला.

आत गेल्यावर दिवाणखाने भराभर ओलांडू नका. तुळयांवरच्या खिळ्यांची डोकी झाकायला सशाच्या आकाराच्या धातूच्या चकत्या आहेत, लांब कान वर केलेल्या. एक दिसला की मग सगळीकडे दिसतात. तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या चटयांच्या, काठाची पट्टी बघा. बसणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे ती बदलते, म्हणजे कोणती खोली साहेबाची आणि कोणती कारकुनाची हे जमिनीवरूनच कळतं. चौकशीच्या अंगणात आरोपीला गुडघ्यावर बसवायची दातेरी लाकडी बैठक आणि मांडीवर ठेवायचे दगड आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा.

पण जिन्यातली माझी सर्वात आवडती जागा म्हणजे मागची तांदळाची कोठारं. बरेच लोक तिथवर पोचतच नाहीत. सुमारे १६०० च्या काळातली ही इमारत आधी डोंगरावरच्या किल्ल्यात होती. १६९५ मध्ये किल्ला पाडला तेव्हा कोठार सुटं करून खाली आणलं आणि इथे पुन्हा उभं केलं. बाहेरून कोपऱ्याशी उभे राहा आणि भिंतीची कड डोळ्यासमोर धरा: भिंती किंचित आतल्या बाजूला कललेल्या आहेत, पोत्यांचा भार बाहेर रेटला तरी फुटू नयेत म्हणून. छपरावर फळ्या आहेत, त्यांवर दगड ठेवलेले. या फळ्या करवतीने कापलेल्या नसतात, रेषेने चिरलेल्या असतात. चिरल्यामुळे लाकडाचे तंतू तुटत नाहीत आणि पाणी आत मुरण्याऐवजी वरून वाहून जातं. चंद्रपूर-गडचिरोलीचा सागवान पाहिलेल्या माणसाला हा फरक चटकन समजेल.

जिन्यासमोरचा लाल पूल ओलांडला की सानमाची, म्हणजे इचिनोमाची, निनोमाची आणि सान्नोमाची अशा तीन समांतर गल्ल्या. १९७९ पासून हा भाग संरक्षित आहे. सान्नोमाची प्रसिद्ध, म्हणून दहा ते तीन तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या वेळात शेजारच्या दोन गल्ल्या फिरा आणि सान्नोमाचीला साडेनऊच्या आधी किंवा पाचनंतर या. पाचनंतर दुकानं बंद असतात हे खरं, पण घरांचे दर्शनी भाग, जाळीच्या खिडक्या, ठेंगणे पुढे आलेले छज्जे आणि दोन्ही कडांनी वाहणारे पाण्याचे पाट तेव्हाच नीट दिसतात. हे पाट आगीसाठी आणि बर्फ वाहून नेण्यासाठी. दारावर 'सुगी' या जपानी देवदाराच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला असेल तर ती साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, भट्टी. नवीन साके तयार झाली की हिरवा गोळा टांगतात, वर्षभरात तो तपकिरी होतो.

आता जेवणाचं, कारण आपल्यातल्या शाकाहारी मंडळींचे हाल इथे होतात. अडचण मांसाची नाही, ते ओळखता येतं. ('ग्यू' ऐकू आलं की गोमांस, आणि हिदा-ग्यू इथे पावलोपावली आहे.) अडचण दाशीची. सुकवलेल्या माशाचं हे पाणी आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसो सूपमध्ये, सोबा नावाच्या शेवयांच्या रश्शात, कधी लोणच्यातही असतं. नुसती भाजी दिसतेय म्हणून रानभाज्यांचा सोबा मागवला तरी रस्सा बहुधा माशाचाच. ताकायामाचं बारीक कुरळ्या शेवयांचं रामेनही कोंबडी आणि माशाच्या रश्शातलं. ऑर्डर देताना म्हणा: 'निकु तो साकाना तो दाशी नुकि दे ओनेगाइशिमास', म्हणजे मांस, मासे आणि दाशी वगळून द्या. तरी आयत्या वेळी दाशी वगळणं स्वयंपाकघराला जमत नाही, कारण रस्सा सकाळीच शिजलेला असतो. राहण्याच्या ठिकाणी आठवडाभर आधी कळवलं तर पुष्कळ ठिकाणी सोय होते. बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे मिताराशी दांगो: तांदळाच्या पिठाचे पाच गोळे काडीला लावून, सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजलेले. इतर शहरांत ते गोड असतात, इथे खारट, आणि आपल्या जिभेला हेच बरे वाटतात. गोहेइ-मोचीला अक्रोड किंवा तिळासारख्या बियांचं वाटण लावतात, तेही चांगलं. मॅग्नोलियाच्या वाळक्या पानावर मिसो भाजतात ते होबा-मिसो, फक्त वर मांस नको म्हणून सांगा. दुपारचं जेवण दीडच्या आत उरका, अडीचला बरीच हॉटेलं बंद होतात आणि रात्रीही आठनंतर पर्याय फार कमी. सोबत भाजक्या पोह्यांचा चिवडा असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेकडे ओजिनमाचीत जा. कुसाकाबे आणि योशिजिमा ही सावकार-व्यापाऱ्यांची दोन घरं शेजारी शेजारी आहेत, त्यांच्या सुट्टीचे वार आधी बघून घ्या. कुसाकाबेंचं घर १८७५ च्या मोठ्या आगीनंतर १८७९ मध्ये बांधलं, जाड, दणकट तुळयांचं. योशिजिमांचं १९०७ चं. त्याच्या मधल्या चौकात उभं राहून वर पाहा: खांब आणि तुळयांची उंच जाळी, आणि वरच्या खिडकीतून त्यावर पडणारा उजेड. नागपूरच्या महाल भागातला चिटणवीस वाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना लाकडी खांबांचा डौल नवा नाही. पण इथे कोरीव काम जवळपास नाहीच, सगळी कमाई सांध्यांच्या नेमकेपणात आहे. पलीकडे साकुरायामा हाचिमान देवळाशी रथांचं दालन आहे. शरदातल्या अकरा रथांपैकी चार तिथे आळीपाळीने ठेवतात, उत्सव चुकला तरी ते पाहता येतात.

तिथून पूर्वेला वळलं की हिगाशियामाची पायवाट, साधारण साडेतीन किलोमीटर. देवळं, कबरस्तानं, देवदार, थोडे चढउतार आणि माणसं अगदी कमी. अंबाझरीला रोज फेरी मारणाऱ्याला जड जाणार नाही. निवांत अडीच तास धरा. शेवटी शिरोयामा, म्हणजे किल्ल्याची टेकडी. कानामोरी या इथल्या जुन्या सरदार घराण्याचा किल्ला पाडल्यामुळे वर दगडी पाया तेवढा उरलाय. पण उतारावरचं शोरेन-जी देऊळ चुकवू नका. त्याचा मुख्य मंडप १५०४ चा, एकाच सुगी देवदारातून केलेला असं सांगतात. तो मूळचा इथला नाहीच. मिबोरो धरणाच्या पाण्याखाली गाव जाणार म्हणून १९६१ च्या सुमारास सुटा करून आणला. टेकडीवर अस्वलाच्या सूचनांचे फलक असतील तर मनावर घ्या, एकट्याने तिन्हीसांजेला जाऊ नका.

स्टेशनच्या पलीकडे, बसने दहा मिनिटांवर हिदा-नो-सातो आहे. ठिकठिकाणाहून आणलेली तीसपेक्षा जास्त जुनी घरं, १९७१ पासून खुली. वाकायामांचं घर त्याच धरणामुळे १९५९ मध्ये हलवलेलं. घराघरांत चुली पेटवलेल्या असतात. त्या देखाव्यासाठी नाहीत: धुरामुळे गवती छपराला कीड लागत नाही आणि दोऱ्यांच्या गाठी टिकतात. धूर डोळ्यांना लागतो, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी जपून. इतकी घरं सुटी करून पुन्हा जोडता आली, कारण खिळ्यांऐवजी खाचा आणि खुंट्यांवर ती उभी आहेत. विदर्भात धरणाखाली गेलेल्या गावांतला एखादा तरी वाडा असा उचलून ठेवता आला असता, असं मला फार वाटतं.

विकत घ्यायचं तर शुनकेइ लाखेची डबी घ्या, पारदर्शक लाखेतून लाकडाच्या रेषा दिसणारी. नाहीतर इची नावाच्या झाडाच्या लाकडाची न रंगवलेली मूर्ती, ती वर्षागणिक गडद होत जाते. दोन्ही वस्तू आपल्याकडे जपाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी होते की असं लाकूड आकसून तडकू शकतं. उन्हाच्या खिडकीत नको, कूलरच्या थेट झोतासमोर नको, फ्रीजवर तर मुळीच नको. आतल्या खोलीच्या बंद कपाटात ठेवा. पुसायला मऊ सुती कापड, साबण नाही.