ऊसतोड, नाताळ आणि गुलमर्ग

मागच्या रविवारी जेवणं आटपल्यावर आमच्या हॉलमध्ये मीटिंग बसली. नाताळच्या सुट्टीत बर्फावर जायचं का, आणि जायचं तर कुठं. पोरीला स्कीइंग शिकायचंय, पोराला नुसते गोळे फेकायचेत, बायको म्हणते कुठंही न्या पण तिथं सकाळी उठून डबे करायला लावू नका, आणि आईचं म्हणणं, "बरफ बघायला एवढं पैसं? पन्हाळ्यावर धुकं काय कमी हाय व्हय?"

तीन वर्षांमागं आम्ही पॅकेजनं मनालीला गेलतो. सोलांगला गाडी थांबली, भाड्याचे कोट चढवले (आतनं कुणाच्या तरी घामाचा वास), गमबूट एक आठ नंबरचा एक नऊचा, आणि एका माणसानं पोरीला स्कीवर उभं केलं, मागनं धरून वीस-पंचवीस पावलं सरकवलं, फोटो काढला, झालं स्कीइंग. तेवढ्यात गाडीवाल्याचा हॉर्न. परत येताना पोरगी म्हणाली, "पप्पा, मी शिकले कुठं, मला नुसतं ढकललं." ते माझ्या डोक्यात बसलंय बघा.

म्हणून यंदा पॅकेज नाही. एकाच जागी पाच रात्री, रोज तोच छोटा उतार आणि शिकवणारा पण तोच. फिरणं-बिरणं गेलं उडत.

आधी उत्तराखंडातलं औली बघितलं. गढवाल मंडल विकास निगमचे (तिकडचं सरकारी पर्यटन महामंडळ) तिथं सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, ते खरं तर मला लय आवडलं होतं, पण ते भर सीझनला, म्हणजे जानेवारीनंतर, तेव्हा पोरांची शाळा. शिवाय जोशीमठहून वर जाणारा रोपवे २०२३ च्या जानेवारीत गावाची जमीन खचली तेव्हा बंद पडला, आणि हरिद्वारपासनं जोशीमठ म्हणजे अख्ख्या दिवसाचा घाट, आईची कंबर तिथंच राहणार. कारण आई येणारच आहे, नको नको म्हणत स्वेटर तिनंच आधी घेतलाय.

राहिलं गुलमर्ग. श्रीनगरपासनं पन्नासेक किलोमीटर, उंची २६५० मीटर, आणि नवशिक्यांचे उतार गावालगतच. गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, दोन टप्प्यात जातो, पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगरावर जवळजवळ ३९५० मीटरवर, पण आम्हाला दुसऱ्याचं काय काम, तिथनं खाली यायला पक्के स्कीवाले लागतात. तिकिटं मात्र आधीच ऑनलाइन काढायची. बर्फ जोरात असला तर गुलमर्गच्या अलीकडं टंगमर्गला आपली गाडी सोडून साखळ्या लावलेली तिथली गाडी करायची. आणि हो, आपलं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड लागतं, हे मला ऑफिसातल्या एकानं सांगितलं नसतं तर पाच दिवस घरच्यांचं तोंडच बघत बसलो असतो.

आता खरी गोची. काश्मिरातले कडक थंडीचे चाळीस दिवस, चिल्लई कलान, सुरू होतात २१ डिसेंबरला. म्हणजे आपली सुट्टी अगदी तोंडावर, बर्फाचा थर बसला असेल नसेल. २०२४ च्या जानेवारीत तर भर थंडीत गुलमर्ग कोरडं पडलेलं, फोटोत नुसतं पिवळं गवत. म्हणून हॉटेल असलंच बघतोय जे चार दिवस आधीपर्यंत पैसे परत देतं, महाग पडलं तरी.

आणि दुसरी गोची शिरोळची, म्हणजे आमच्या गावाकडच्या उसाची. खर्च भागवायचा उसाच्या पहिल्या उचलीतनं, म्हणजे कारखान्याच्या पहिल्या हप्त्यातनं. ऊस कारखान्याला गेला की कायद्यानं १४ दिवसांत पैसे यायला पाहिजेत, पण त्याआधी तोड आली पाहिजे ना. दादाला फोन लावला, म्हटलं जरा मुकादमाला विचार, नोव्हेंबरात ऊसतोडीची टोळी येते का. दादा म्हणाला, "तुझ्या बरफासाठी मी टोळी ओढून आणू व्हय रं?" आणि ऐन नाताळात तोड आली तर मला रजा काढून रानात उभं राहावं लागणार, गुलमर्गात नाही. त्यामुळं विमानाची तिकिटं अजून काढली नाहीत, रोज दर बघतो आणि फोन खाली ठेवतो.

कपड्यांचं मात्र ठरलं. जीन्स बंद. भिजली की वाळत नाही आणि मग पोरं कुडकुडत बसतात, मनालीला बघितलंय. आतनं थर्मल, वरनं पाणी न धरणारी पँट, स्की आणि बूट तिथं भाड्यानं. बूट घेताना दोन्ही एकाच नंबरचे आहेत का हे मी स्वतः बघणार.

पोरीनं व्हिडिओ बघून ब्रेक लावायचं शिकून घेतलंय, पुढची टोकं जवळ, मागची लांब, पिझ्झ्याच्या तुकड्यासारखं. रोज संध्याकाळी सॉक्स घालून हॉलच्या फरशीवर पाय तसे वळवून घसरत असते. काल आई स्वयंपाकघरातनं ओरडली, "अगं आत्ताच पुसलीया, पडशील!" आणि दोन मिनिटांनी स्वतःच दारात येऊन विचारते, "तिकडं म्हाताऱ्या माणसांना पण शिकवत्यात का गं?"