उभ्यानं वाचलेला 'पाचोळा'

आज परभणीत बाजाराची गर्दी. माझ्या पुस्तकांच्या दुकानात मात्र नेहमीचंच: पोलीस भरती, तलाठी भरती, चालू घडामोडी. पोट त्यावरच चालतंय, तक्रार नाही.

दुपारी एक मामा पोरीसाठी भरतीचं पुस्तक घ्यायला आले. मी काढून देईपर्यंत त्यांनी काउंटरवरचा रा. रं. बोराडेंचा 'पाचोळा' उघडला अन् उभ्यानंच वाचत राहिले. "हे तर आमच्या घरातल्यावानीच बोलायलंय की!"

1971 ची कादंबरी. शिंप्याच्या घराची होरपळ, तीही त्याच्या बायकोच्या तोंडून. लेखक मधेमधे समजावत बसत नाही. बाई सांगते, आपण ऐकायचं. मला विचाराल तर आपल्या बोलीत इतकं नेटकं फार थोड्यांनी लिहिलंय.

आपल्याच जिल्ह्यातल्या आसाराम लोमटेंचा कथासंग्रह 'आलोक' (2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार) मी मुद्दाम भरतीच्या गठ्ठ्याशेजारी मांडतो. विचारवंत नरहर कुरुंदकरांची पुस्तकं वरच्या फळीवर. त्यांचा वाचक नाव घेऊनच येतो.

मामांनी किंमत ऐकून 'पाचोळा' खाली ठेवला, परत उचलला. "ह्याचे पैसे पुढच्या बाजारी देतो." दिला. घरी मामीला वाचून दाखवणार म्हणे. उद्या आणखी प्रती मागवतोय.