स्पॅनिश नोंदी : 'सापोते' हे नक्की कुठलं झाड?

या महिन्यात उष्ण प्रदेशातल्या झाडांची नावं घेतली आहेत. भाज्या, मसाले पटापट उरकले. झाडांत 'सापोते'पाशी गाडी अडली. त्यामुळे आजची नोंद या एकाच शब्दाची.

आधी सोपं ते. उच्चारात 'पो'वर जोर. स्पेनच्या बऱ्याच भागात पहिला आवाज 'थ'कडे झुकतो, लॅटिन अमेरिकेत सरळ 'सा'. सफरचंदाचं झाड 'मान्सानो' आणि फळ 'मान्साना' अशी जोडी इथे नाही. झाड आणि फळ दोन्ही 'एल सापोते'.

आता खरी गंमत. नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या जुन्या मूलनिवासी भाषेत 'त्सापोत्ल' म्हणजे मऊ, गोड गराचं फळ. कूळ कुठलंही असो. स्पॅनिशने शब्द उचलला तो या सैलपणासकट. म्हणून मेक्सिकोत 'सापोते नेग्रो' हा काळ्या गराचा, आपल्या टेंभुर्णीचा भाऊबंद. संत्र्याचा रस घालून त्याचं गोड करतात. 'सापोते ब्लान्को' चक्क लिंबू-संत्र्याच्या कुळातला. आणि 'चिकोसापोते' म्हणजे आपला चिकू! यातला 'चिको' म्हणजे स्पॅनिशमधला 'लहान' नव्हे. तो नाहुआत्ल 'शिकोत्सापोत्ल'मधून आलाय. फिलिपिन्समध्येही या फळाला चिकोच म्हणतात. चीक निघतो म्हणून चिकू, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ऐकायला छान आहे, पण हा नुसता योगायोग वाटतो.

चिकाचा धागा तिकडेही आहेच. त्याच झाडाच्या चिकापासून च्युइंगम करायचे. त्या चिकाला 'चिक्ले' म्हणतात, तो नाहुआत्ल 'त्सिक्त्ली'वरून. खोडाला चिरा पाडून चीक गोळा करणारा तो 'चिक्लेरो'. मेक्सिकोच्या युकातान आणि ग्वातेमालाच्या पेतेन भागातल्या मजकुरात हा शब्द सारखा भेटतो. लाकूडही चिवट. पेतेनमधल्या तिकाल या प्राचीन शहरातल्या माया मंदिरांत आठव्या शतकात दारांवर बसवलेल्या कोरीव तुळया याच लाकडाच्या आहेत.

देश बदलला की नाव सरकतं. कोस्टा रिकात किंवा डोमिनिकन प्रजासत्ताकात नुसतं 'सापोते' म्हटलं की समोर येतो नारिंगी-लाल गराचा, खरखरीत सालीचा 'मामेय'. मध्य अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी, कोलंबिया-व्हेनेझुएलातही, चिकूला 'निस्पेरो' म्हणतात; आणि स्पेनमध्ये तोच निस्पेरो म्हणजे लोकाट. शब्द पाठ करायला मी कार्डं करतो, पण हे एका कार्डावर मावत नाही. मी आता शब्दाच्या कार्डावर अर्थ लिहीतच नाही. प्रत्येक देशाचं वेगळं कार्ड, त्यावर फळाचा फोटो आणि शास्त्रीय नाव. चिकूसाठी 'मानिल्कारा झापोटा' पक्कं केलं की बाकीचे घोळ आपोआप सुटतात. (आपली खिरणीही मानिल्काराच, चिकूची कलमं तिच्यावर बांधतात ती उगाच नाही.)

झाडापलीकडचे वापरही लिहून ठेवतोय. मेक्सिकन बोलीत 'सापोतासो' म्हणजे धाडकन पडणं. पिकलेलं फळ फांदीवरून खाली आदळावं तसं. माझा या महिन्यातला लाडका शब्द हाच. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या झापोतेक लोकांचं नावही मुळात नाहुआत्ल भाषकांनी ठेवलेलं, सापोतेच्या मुलखातले लोक या अर्थाचं. आणि कोस्टा रिकाची वर्तमानपत्रं वाचणार असाल तर लक्षात ठेवा: सान होसेतल्या सापोते भागात राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय आहे, त्यामुळे मथळ्यातला 'सापोते' पुष्कळदा फळ नसतो, सरकार असतं. आपण 'मंत्रालय' म्हणतो तसंच.

ऐकण्याच्या सरावासाठी मेक्सिकोतल्या मंडईंचे व्हिडिओ लावतोय. विक्रेते फार भरभर बोलतात, पण फळ हातात धरून बोलतात, त्यामुळे निम्मं काम होतं. पुढची पाळी 'ग्वायाकान'ची. कॅरिबियनमध्ये ते एक झाड आणि पनामात पिवळ्या फुलांचं भलतंच, एवढं आत्ताच दिसलंय.