ताबोच्या मातीच्या भिंती

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात असलेल्या ताबोच्या बौद्ध मठाला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात हे वाचल्यापासून माझ्या मनात तुलना सुरू झाली होती आणि तिच्यासकटच मी स्पितीत शिरलो. सिमल्याहून रामपूर, किन्नौर आणि नाको असा प्रवास करून तिसऱ्या दिवशी ताबोला पोहोचलो, तेव्हा मात्र मी चक्क निराश झालो. काझाजवळचा की मठ टेकडीच्या अंगाखांद्यावर घरे रचत नेल्यासारखा वर चढत जातो आणि धनकरचा मठ कड्याच्या टोकावर कसाबसा तोल सावरून उभा आहे. या दोहोंची छायाचित्रे इतकी पाहिलेली असतात की मठ म्हटला म्हणजे तो उंचावरच असणार, असे आपण गृहीत धरतो. ताबोचा मठ मात्र नदीकाठच्या सपाट जमिनीवर, सफरचंदाच्या बागांच्या शेजारी आहे. कुंपणाआडचे ते मातीचे बुटके ठोकळे पाहून कुणी धान्याची कोठारे बांधून ठेवली असावीत असेच वाटले.

यांपैकी मुख्य मंदिर इ. स. ९९६ मध्ये उभे राहिले. पश्चिम तिबेटमधील गुगे राज्याचा राजा येशे ओ याचा त्याला आश्रय होता आणि परंपरेने त्याचे श्रेय रिनचेन झांगपो या थोर भाषांतरकाराला दिले जाते. काश्मीरमध्ये शिकून संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेणारा हा माणूस परतताना तिकडचे कलावंतही सोबत घेऊन आला, असे सांगतात. पुढे ४६ वर्षांनी, १०४२ मध्ये, त्याच राजघराण्यातील जांगचुब ओ याने मंदिराचे नूतनीकरण केले आणि ही हकिकत मंदिरातल्याच लेखात लिहून ठेवली आहे.

आत जाताना चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि छायाचित्रे काढायला मनाई आहे. छतातल्या झरोक्यातून येणाऱ्या अंधूक उजेडात पहिली काही मिनिटे मला काहीही दिसले नाही. किल्ली घेऊन आलेल्या लामाजींनी “पहले बैठ जाइए” एवढेच म्हटले आणि ते दाराशी थांबले. डोळे सरावले तसे भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, मातीत घडवलेले देव एकेक करून पुढे येऊ लागले. अशा बत्तीस मूर्ती आहेत, आणि मागच्या बाजूला चार दिशांना चार देह असलेला वैरोचन बुद्ध धरून तेहेतीस होतात. हे वज्रधातू मंडल आहे. मंडल म्हणजे मध्यवर्ती बुद्धाभोवती देवतांची ठरलेली मांडणी दाखवणारी आकृती; एरवी कापडावर किंवा वाळूत रेखाटले जाणारे हे मंडल येथे खोलीच्या रूपाने उभे केले आहे आणि बघणारा आपसूक त्याच्या आत बसलेला असतो. हे लक्षात आल्यावर बाहेरच्या ठोकळ्यांबद्दलची माझी तक्रार मिटली.

मी सर्वाधिक वेळ घालवला तो मूर्तींच्या खालच्या चित्रपट्टीपाशी. तिच्या एका बाजूला बुद्धचरित्र आहे आणि दुसऱ्या बाजूला गंडव्यूह सूत्र या बौद्ध ग्रंथातील सुधनाची यात्रा. मंजुश्री या बोधिसत्त्वाच्या सांगण्यावरून निघालेला हा श्रेष्ठीपुत्र एका कल्याणमित्राकडून, म्हणजे वाट दाखवणाऱ्या गुरूकडून, दुसऱ्याकडे फिरत राहतो. त्याला शिकवणाऱ्यांत भिक्षू आणि राजे आहेत, तसेच नावाडी, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सोनार आणि वसुमित्रा नावाची गणिकाही आहे. स्वतः तीन दिवस रस्त्यावर असल्यामुळे असेल, पण सतत वाटेवर असलेला तो मुलगा मला फार जवळचा वाटला.

अजिंठ्याशी तुलना मात्र मला पटली नाही. अजिंठा काळ्या पाषाणात कोरलेला आहे, पुढे तो ओस पडला आणि १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडेपर्यंत बाहेरच्या जगाला त्याचा विसर पडला होता. ताबो मातीचे आहे आणि हजार वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. तिथल्या चित्रांवरची काजळी ही वर्षानुवर्षे तेवलेल्या दिव्यांची आहे. पर्जन्यछायेत असल्यामुळेच मातीच्या भिंती आणि मातीचेच सपाट छप्पर इतकी शतके निभावले. सलग काही दिवस पाऊस लागला की ओल थेट चित्रांपर्यंत उतरते, म्हणून पुण्यामुंबईकडचा माणूस ज्या ढगांची वाट पाहतो, ते येथे धडकी भरवतात. जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपात मंदिराला धक्का बसला. त्यानंतर शेजारी नवे प्रार्थनागृह बांधले गेले आणि १९८३ मध्ये दलाई लामांनी ताबोत कालचक्र ही तांत्रिक बौद्ध दीक्षा दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची प्रार्थना त्या नव्या प्रार्थनागृहात ऐकली आणि काझाची बस येईपर्यंत पुन्हा जुन्या मंदिरात गेलो. लामाजींनी या वेळी काही न बोलता आपली विजेरी माझ्या हातात दिली. सुधनाच्या पट्टीवरून मी ती हळूहळू फिरवत नेली. एक नाव दिसली, तेव्हा तो नावाडी असणार असे मी मानून घेतले. सोनार मात्र बस येईपर्यंत सापडला नाही.